इवायाचं परमिट

माझा इवाई माझ्या घरी आला की फाटकाशी स्कूटर लावतो, डिकीतून स्वतःची पाण्याची बाटली काढतो आणि ओट्यावर बसून पितो. माझ्या दाराच्या आत माठ आहे, फ्रिज आहे, पाणी गाळायचं मशीन आहे. आणि हा माणूस खापरखेड्याहून आणलेलं कोमट पाणी माझ्याच ओट्यावर गटागटा पितो. वरून मलाच विचारतो, "पाणी पाह्यजे काय, इवाई?"

इवाई म्हणजे व्याही. आमच्याकडे तसंच म्हणतात आणि मी तसंच लिहिणार. माझ्या अमोलला त्यांनी पोरगी दिली. नाव पुंडलिकराव.

आता ते माझ्या घरचं पाणी काहून पीत नाहीत, तर जुनी रीत आहे. पोरगी ज्या घरी दिली त्या घरचं अन्नपाणी बापानं घ्यायचं नाही, तिला लेकरू होईपर्यंत. नातवंड झालं की मग मोकळं. ही रीत आता कोणी पाळत नाही. माझा स्वतःचा बाप माझ्या बहिणीच्या सासरी लग्नाच्या दुसऱ्याच महिन्यात जेवून, वामकुक्षी घेऊन, संध्याकाळचा चहा पिऊन आला होता. पण पुंडलिकराव पाळतात. चहाची वेळ झाली की उठून चौकातल्या टपरीवर जातात. पाहुण्याला एकटं कसं जाऊ द्यायचं, म्हणून मीही मागं जातो. म्हणजे माझ्या घरी पाहुणा आला की चहा मला त्याच्या पैशानं टपरीवर प्यावा लागतो. आमच्या घरची म्हणते, "लोकं म्हणत असतीन, चक्कीवाल्याच्या घरी साखर सरली."

चक्कीवाला म्हणजे मी. नागपूरलगतचं बेसा खेडं होतं तेव्हा मी तिथं पिठाची चक्की टाकली. आता चारी बाजूंनी बिल्डिंगा उठल्या. त्यातले लोक पाकिटातलं पीठ खातात आणि मग मला विचारायला येतात, काका, पोळी कडक काहून होते? मी सांगत नाही.

पुंडलिकराव खापरखेड्याच्या वीज केंद्रात फिटर होते. तिथं कोणत्याही मशीनला हात लावायचा तर आधी परमिट काढावं लागते. साहेबाची सही झाल्याशिवाय पाना उचलायचा नाही. त्यांची नोकरी संपली, परमिट संपलं नाही. डॉक्टरनं गोड बंद केलं तर म्हणाले, "साखरेचं परमिट गेलं." अमोलच्या हळदीला डीजेवाल्याची उघडी वायर दिसली तर "परमिट कोणाचं हाय?" म्हणून मेन स्विचच पाडला. नवरदेवाला अंधारात हळद लागली, आणि अर्धी त्याच्या मामाला लागली. त्यांची बायको झोपेतच गेली तेव्हा मी भेटायला गेलो. मला बसायला खुर्ची दिली. मग म्हणाले, "न विचारता गेली हो, इवाई. परमिट नाही, काही नाही."

तर अशा माणसासोबत मी फ्रान्सला गेलो.

अमोल आणि सूनबाई प्रणाली तिकडं राहतात. नोकरी मुळात प्रणालीची. ती समुद्रातल्या शेवाळावर संशोधन करते. आमच्याकडे शेवाळ टाक्यातून घासून काढतात, तिकडं त्याचे पगार देतात. अमोल घरी बसून कॉम्प्युटरवर काम करतो. दोघांनी आम्हा दोघांची तिकिटं काढली. माझ्या घरचीला विमानाची भीती आणि गुडघ्यांचा त्रास, ती म्हणाली तुम्हीच जा.

निघायच्या काही दिवस आधी अमोलचा फोन आला. म्हणाला, "बाबा, एक सांगायचं होतं. आम्हाला लेकरू होणार नाही. सगळं करून पाहिलं. आता आम्ही मनानं ठरवलं, थांबायचं. प्रणालीच्या बाबांना सांगू नका. ती स्वतः सांगणार आहे."

मी "नाही सांगत" म्हटलं, फोन ठेवला आणि चक्कीत जाऊन बसलो. चक्की त्या दिवशी बंद होती. आमच्या घरचीला सांगितलं तर ती म्हणाली, "मले माहीत हाय." तिला कधीपासून माहीत होतं ते मी विचारलं नाही.

पण एक गोष्ट माझ्या डोक्यातून जाईना. रीतीचं गणित सरळ होतं. लेकरू नाही तर परमिट नाही. म्हणजे पुंडलिकराव त्या पोरीच्या घरी जन्मभर जेवणार नव्हते.

विमानात पाणी घेऊन बाई आली. पुंडलिकरावांनी माझ्याकडे वळून पक्कं करून घेतलं. "इवाई, हे इमान तुमच्या पोराचं नाही न?"

"नाही."

"मंग हाय परमिट."

आणि मग त्यांनी जे सुरू केलं! पाणी, रस, कॉफी, जेवण, माझा पाव, माझं लोणी, आणि पलीकडच्या झोपलेल्या माणसाचं बिस्किट.

पॅरिसहून आगगाडीनं गेलो. गावाचं नाव सँ मालो. जुनं बंदर आहे. गाव सगळं भिंतीच्या आत. भिंत एवढी जाड की वरून बैलबंडी जाईल. तिच्यावर चढून पूर्ण गावाला चक्कर मारता येते, एका हाताला लोकांच्या वरच्या माळ्याच्या खिडक्या आणि दुसऱ्या हाताला समुद्र. घरं काळपट दगडाची, उंच, अंगाला अंग लावून उभी. मी दगडावर हात फिरवून पाहिला. आमच्या सीताबर्डीच्या किल्ल्यापेक्षा काही वेगळा नाही, फक्त ओला आहे.

अमोल म्हणाला, "बाबा, युद्धात हे गाव जवळपास सगळं जळालं होतं. लोकांनी पुन्हा होतं तसंच बांधलं. दगडावर दगड."

पुंडलिकराव म्हणाले, "तसंच काहून? पुन्हा बांधाचंच होतं तं दोन दोन खोल्या वाढवून घेतल्या असत्या."

मग अमोलनं काही मोठाले वाडे दाखवले. जुन्या काळात इथले दर्यावर्दी दुश्मनांची जहाजं लुटायचे आणि त्या पैशातून हे वाडे उठले. राजा त्यांना लुटायचा कागद लिहून द्यायचा, सही-शिक्क्यानिशी. पुंडलिकरावांनी टोपी काढली. एवढा वेळ कोणत्याच गोष्टीला मान न देणारा माणूस एकदम खूश झाला. "म्हणजे परमिट होतं त्यायच्याजवळ! मंग त्यायले चोर नका म्हणू, जावईबापू."

समुद्र मी जन्मात पाहिला नव्हता. त्यांनीही नाही. आमचं पाणी म्हणजे अंबाझरीचा तलाव. ते पाणी जिथं आहे तिथं असते. पहिल्या दिवशी दुपारी अमोल आम्हाला भिंतीवर घेऊन गेला, तर खाली दूरवर नुसती वाळू. काही ठिकाणी होड्या चिखलात आडव्या पडलेल्या.

"समुद्र कोठी हाय?" पुंडलिकरावांनी विचारलं.

"मागं गेला, मामाजी. संध्याकाळी येईल," अमोल म्हणाला. आमच्याकडे सासऱ्याला मामाजी म्हणतात.

मला वाटलं पोरगा थट्टा करून राहिला. पण संध्याकाळी पुन्हा गेलो तर खरंच आला होता. नुसता आला नव्हता, भिंतीला धडका देत होता. पाणी वर उडून आमच्या तोंडावर आलं. मग पुंडलिकरावांनी चष्मा पुसला.

"शिफ्ट ड्यूटी हाय याची," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. वाळू दुपारी, पाणी संध्याकाळी. "पाह्यलं? टाइम पक्का. आपल्या नळासारखा."

मलाही ते पटलं. पाणी म्हटलं की त्याची वेळ असते, हे नागपूरच्या माणसाला कोणी शिकवावं लागत नाही.

पण लेकीच्या घरचा नळ त्यांना चालत नव्हता. पहिल्या रात्री प्रणालीनं तांब्या-भांडं समोर ठेवलं. पुंडलिकराव बाटली काढून म्हणाले, "माय, तुले माहीत हाय." ती म्हणाली, "हो बाबा," आणि तांब्या उचलला.

आंघोळ ते तिथंच करायचे, पण तोंड घट्ट मिटून. दात घासायला मात्र खाली. गल्लीच्या टोकाला चर्चजवळ लहानशी बाग होती आणि तिथं सगळ्यांसाठी पाण्याचा नळ होता. पुंडलिकरावांनी तो हेरला. "हे सरकारी पाणी. परमिट हाय." रोज सकाळी स्वेटर, मफलर, खाली पायजमा, हातात पाण्याची प्लास्टिकची डबकी आणि दंतमंजन अशी स्वारी निघायची. तिथल्याच बाकावर सातूचं पीठ वाडग्यात भिजवून खायचे. मीठही खापरखेड्याचं. आजूबाजूला कोंबडीएवढे पांढरे पक्षी बसायचे आणि त्यांचा घास मोजायचे. एक म्हातारा कुत्रा घेऊन यायचा. तो "बोंजूर" म्हणायचा, हे "रामराम".

दुपारी एका बाईच्या दुकानात जायचे. ती मोठ्या लोखंडी तव्यावर काळ्या पिठाचं धिरडं घालायची. मी पीठ चिमटीत धरून पाहिलं. कुट्टू होतं. नवरात्रात उपासासाठी लोक माझ्याकडे दळायला आणत. पुंडलिकराव त्या बाईला म्हणाले, "काहून बाई, तुमच्या देशात रोजच उपास हाय काय?" ती हसली आणि तिच्या भाषेत पुष्कळ काही बोलली. "हौ हौ," ते म्हणाले, "पण जरा खरपूस होऊ द्या." बोटानं दाखवलं. तिसऱ्या दिवसापासून हे दारात दिसले की ती धिरडं तव्यावर जास्त वेळ ठेवायची. परक्या बाईच्या हातचं चालत होतं, आणि आपल्या पोरीचं नाही.

घरी संध्याकाळी प्रणाली चार ताटं मांडायची. रोज. पुंडलिकराव खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचे. "जेवा तुम्ही, मी हावो अठीसाच." आणि आम्ही जेवत असताना बॉयलर, टर्बाइन, कोळशाची राख, कोणता साहेब कसा होता, हे सगळं अखंड सांगायचे. आमचं झालं की प्रणाली ताटं उचलायची. चौथं ताट कोरंच असायचं. तेही ती बाकीच्यांसोबत धुऊन ठेवायची.

एके दिवशी स्वयंपाकघरात ती मला म्हणाली, "मामाजी, बाबा एकदा तरी जेवतील का हो माझ्याकडे? पुन्हा एवढा लांबचा प्रवास त्यांच्यानं होणार नाही." मी म्हटलं, "पाहू." दुसरं काय म्हणणार? "मी त्यांना सांगणार आहे," ती म्हणाली. "पण सांगितलं की मग तर..." आणि कांदा चिरायला लागली. गणित तिनंही केलेलं होतं.

त्याच संध्याकाळी मी आतल्या खोलीतून ऐकलं. "बाबा, मला तुमच्याशी जरा बोलायचं होतं."

"थांब, आधी पाणी भरून आणतो. नळ जाईन." डबकी उचलून गेलेसुद्धा. तो नळ कधीच जात नसे. मला असा राग आला! माणूस की दगड? मनात आलं, उद्या मीच सांगून टाकतो. पण शब्द दिला होता, आणि मी दिलेला शब्द मोडत नाही, मग समोरच्याचं नुकसान झालं तरी चालेल.

मग मला सर्दी झाली. चार-पाच दिवस घराबाहेर पडलो नाही. भिंतीच्या आतल्या घरातून समुद्र दिसत नाही. पुंडलिकरावही नळापुरतेच जात-येत राहिले, आणि बाकी वेळ माझ्या उशाशी बसून टर्बाइन.

बरं वाटलं त्या सकाळी ते म्हणाले, "चला इवाई, त्या टेकडीवर जाऊन येऊ." वाळूच्या पलीकडे एक लहानसं बेट होतं, वर गवत. समुद्र मागं असला की दगडी वाटेनं चालत जाता येते. प्रणाली कामावर निघाली होती. तिनं माझ्या हातात डबा दिला. "भरली वांगी आणि पोळ्या आहेत. दोघांपुरत्या," म्हणाली आणि बापाकडे न पाहता गेली.

खाली वाळू कोरडी होती. वाटेच्या सुरुवातीला एक पाटी होती. तिच्यावर लाल अक्षरं आणि घड्याळाचं चित्र. मी थांबलो. पुंडलिकराव म्हणाले, "ते पर्यटकायसाठी असन." वाट निसरडी होती, सगळ्या दगडांवर सूनबाईचं संशोधन. एकमेकांचा हात धरून गेलो.

वर छान वारा होता. समोर पूर्ण गाव दिसत होतं, भिंत, छपरं, चर्चचं टोक. पुंडलिकरावांनी सातू भिजवला, लाडूसारखा गोळा केला, आणि तोंडाशी नेला तेवढ्यात तसल्याच एका पांढऱ्या पक्ष्यानं वरून येऊन तो हातातून उचलला. पुंडलिकराव उठून त्याच्यामागे धावले. "अबे! परमिट हाय काय तुह्याजवळ?"

ते कोणीकडे धावले म्हणून मी वळून पाहिलं, तेव्हा कळलं. मी म्हटलं, "इवाई, रस्ता कोठी गेला?"

रस्ता नव्हता. जिथून आलो तिथं पाणी होतं, आणि त्याला लाटा होत्या.

त्यांनी घड्याळ पाहिलं. "सकाळचे अकरा बी नाही वाजले. ही कोणती शिफ्ट?"

"मले काय विचारता? टाइम पक्का हाय म्हणे!"

"ओव्हरटाइम असन."

मी अमोलला फोन लावला. तो ओरडला, "बाबा, हलू नका! पाण्यात पाय टाकू नका! दुपारी उशिरापर्यंत रस्ता उघडत नाही. भरतीची वेळ रोज पुढं सरकते, पाटी वाचली नाही का?"

"मंग हे आधी सांगाचं होतं," मी म्हटलं आणि ठेवला. पुंडलिकराव माझ्यावरच चिडले. "टाइम बदलला तं नोटीस लावा लागते." मी म्हटलं, "लावली होती न! तुम्हीच म्हणाले पर्यटकायसाठी हाय. आपून कोण हावो मंग?"

यावर त्यांनी मफलर कानाभोवती घट्ट बांधला.

भूक लागली. मी डबा उघडला. वांग्याचा वास सुटला. पोळी त्यांच्यापुढे केली. "घ्या. हे समुद्र हाय. अठी कोणाचं घर नाही."

"डबा तं तिच्याच घरचा हाय."

"तुम्ही खात नसान तं मी बी नाही खात." मी झाकण लावलं. त्यांनी समुद्राकडे तोंड केलं, मी गावाकडे. भरलेला डबा मधात. दोन म्हातारे, आणि वर तो पक्षी पुन्हा घिरट्या घालून राहिला होता.

मी गावाकडे तोंड करून बसलो म्हणून मला ती आधी दिसली. पलीकडे पाण्याच्या काठाशी पिवळा रेनकोट घालून कोणी उभं होतं. अमोलनं तिला कळवलं असणार, ती काम टाकून आली होती. हात हलवत होती. मधल्या पाण्यामुळे आवाज पोचत नव्हता.

"तुमची पोरगी हाय," मी म्हटलं.

ते वळले, उठले आणि हातांचा भोंगा केला. "घरी जाय वं, माय! आम्ही बरे हावो!" वाऱ्यानं ते सगळं आमच्याच तोंडावर परत आणलं. ती उभीच. बसतही नव्हती. पाणी वाढलं तशी मागं सरकत पायऱ्यांवर गेली आणि तिथं उभी राहिली.

पुंडलिकरावही बसले नाहीत. बऱ्याच वेळानं तिच्याकडे पाहतच म्हणाले, "इवाई, तुम्हाले माहीत असनच. पोरीले लेकरू नाही होणार."

मी दचकलो. "तुम्हाले कोणं सांगतलं?"

"सांगा लागते काय? तिच्या मायनं नातवासाठी दुपटी शिवून ठेवली होती. मऊ लुगड्याची. गेल्या खेपेले पोरगी खापरखेड्याले आली, अन सगळी दुपटी मावसबहिणीच्या लेकराले देऊन टाकली. एक बी नाही ठेवलं. मी काही बोललो नाही. पिशवी मीच उचलून देली ऑटोत."

"अन तरी तुम्ही जेवत नाही? रीत धरून बसले? मंग आता काय जन्मभर सातूच खासान?"

"रीतीचं काय घेऊन बसले जी," ते म्हणाले. "मी जेवलो, का तिले समजते, बापानं आशा सोडली. नाही जेवलो तं तिले वाटन, बाबाले काही माहीतच नाही. बाबा अजून वाट पाहून राह्यला. घरात एक तं माणूस पाह्यजे न वाट पाह्यनारा? म्हणून ते बोलाले आली का मी उठून जातो. तिच्या तोंडून ते निघू नये. एकदा बोललं का मंग पक्कं होते."

इतके दिवस मी या माणसाला दगड समजत होतो. पण मी गप्प बसणाऱ्यातला नाही.

"पुंडलिकराव, तुम्ही येडे हा," मी म्हटलं. "तिच्या इकडून पाह्यलं काय कधी? तिले वाटते, माह्यात कमी हाय म्हणून बाबा माह्या घरी पाणी पेत नाही."

"असं म्हणते ते?"

"म्हणत नाही. रोज चार ताटं मांडते. तुमचं कोरं ताट उचलून नेते अन धुऊन ठेवते. तुम्ही खिडकीकडं तोंड करून टर्बाइन सांगत राहता, तुम्हाले काय दिसन? मी पाहून राह्यलो रोज."

"कोरं ताट काहून धुते?"

"ते तिलेच विचारा."

पुंडलिकराव हळूच खाली बसले. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. पांढरा पक्षी जवळ येऊन उतरला, तरी त्यांनी त्याला हाकललं नाही. पलीकडे ती उभी होती आणि पाऊस भुरभुरायला लागला होता. पुढचा सगळा वेळ ते एवढंच बोलले, "छत्री बी नाही आणली पोरीनं."

पाणी उतरलं तसे आधी मोठे दगड वर आले, मग वाट. अजून घोटाभर पाणी होतं तेव्हाच ती निघाली आणि अर्ध्या वाटेत आम्हाला भेटली. एरवी तिची बोली आता शहराची झाली आहे, पण त्या वेळी खापरखेडा बाहेर आला. "काही झालं असतं तं, बाबा? मी काय केलं असतं? पाटी लावून ठेवली न त्यायनं एवढी मोठी! अन मामाजी तुम्ही बी!"

"माह्यी गलती नाही," मी म्हटलं. नव्हतीच.

तिनं माझ्या हातातून डबा घेतला. जड लागला तिला. तिनं डब्याकडे पाहिलं आणि पुढं चालायला लागली. पुंडलिकराव तिच्या मागं, मी त्यांच्या मागं.

घरी तिनं आम्हाला कोरडे टॉवेल दिले. मग डब्यातली वांगी गरम केली, पोळ्यांसाठी तवा ठेवला आणि टेबलावर चार ताटं मांडली. हाताला सवयच. पुंडलिकराव खिडकीच्या खुर्चीकडे गेले नाहीत. टेबलाशी येऊन उभे राहिले. ती नेहमीप्रमाणे चौथं ताट बाजूला सारायला लागली, तर त्यांनी ताटावर हात ठेवला.

"राहू दे," म्हणाले आणि बसले. "वाढ."

अमोल कॉम्प्युटरवर कोणाशी बोलत होता तो मधातच थांबला. प्रणालीनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, मी नाही सांगितलं.

"त्यायच्याकडं नको पाहू," पुंडलिकराव म्हणाले. "तुहा सासरा चक्कीवाला हाय. आवाज लय करते, पण सांगत काही नाही."

तिनं पेल्यात पाणी ओतलं. घरच्या नळाचं. त्यांनी ते एका घोटात संपवलं आणि पेला पुन्हा पुढं केला. मग तिनं पोळी वाढली, वांगं वाढलं. थोडा रस्सा ताटाबाहेर सांडला. त्यांनी तो बोटानं पुसून चाटला. पहिला घास खाल्ला. दुसरा खाल्ला. ती उभीच होती.

"बाबा," ती म्हणाली. "तुम्हाले माहीत होतं?"

"दाण्याचा कूट जरासा जास्त झाला वं."

"बाबा."

"हौ," ते म्हणाले. ताटाकडेच पाहत होते. "माहीत हाय, माय. किती दिवसाचं. तू बस न. बसून सांग काय सांगाचं ते. आता मी कोठी जात नाही."

ती त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसली. सांगितलं मात्र काहीच नाही, नुसती रडली. पुंडलिकराव डाव्या हातानं तिची पाठ थोपटत राहिले आणि उजव्या हातानं जेवत राहिले. मधेच "अमोलबापू, तवा तापला," म्हणाले. अमोलनं उठून गॅस बंद केला. मग मीही जेवलो. वांगी चांगली झाली होती. कूट बरोबर होता.

जेवण झालं, तिनं तोंड धुऊन घेतलं. ताटं उचलताना तिनं विचारलं, "उद्या काय करू, बाबा?"

पुंडलिकरावांनी खरंच विचार केला. खुर्चीत मागं टेकले, डोळे मिटले, आणि बोटांवर मोजत सांगायला लागले. पाटोडीचा रस्सा. गोळाभात. मुगाच्या वड्याची भाजी. भरड्याचे वडे. डाळभाजी. कढी, पण पातळ. तिची माय करायची तशी पुरणपोळी. ज्वारीच्या कण्या. परतीच्या विमानाचा दिवस अगदी जवळ आला होता, आणि त्यांची बोटं दोन्ही हातांची संपून पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली होती. एवढं सगळं आता होणार नाही हे तिला माहीत होतं. ती ताटं हातात घेऊन उभी होती आणि एकेका नावाला "हौ बाबा, हौ बाबा" म्हणत होती.